सपाट कुंडीचा तडा

जपानच्या आइची प्रांतात तोकोनामे नावाचं कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेलं शहर आहे. तिथल्या एका चढावर १८८७ साली बांधलेली भट्टी अजून जपून ठेवली आहे. उतारावर एकामागे एक चढत गेलेली आठ दालनं आणि माथ्यावर ओळीने उभी विटांची दहा धुराडी. १९७४ नंतर ती पेटलेली नाही, पण पाहायला लोक येतात आणि थोडं निरखलं की ध्यानात येतं, धुराडी एका उंचीची नाहीत. दोन्ही टोकांची सगळ्यांत उंच, मधल्याकडे येताना उतरत गेलेली. बांधणाऱ्याचा अंदाज चुकला असावा असं वाटतं. खरं तर तो पक्का हिशेब आहे. एवढ्या रुंद भट्टीत जाळाची ओढ सगळीकडे सारखी पडावी, कडेला ठेवलेल्या मालाला मधल्या मालाइतकीच आच मिळावी, म्हणून कारागिरांनी कडेची धुराडी उंच नेली.

हाताने घडवलेली बोन्सायची कुंडी न तडकता भाजायची तर याच हिशेबापासून सुरुवात करावी लागते. मातीचं भांडं तापतं, आकसतं, पाणी सोडतं, आतून बदलतं, आणि हे सगळं त्याला सोसतं. त्याचा एक भाग पुढे निघून गेला आणि दुसरा मागे राहिला, की मात्र दोघांच्या मध्ये तडा जातो. वाळवण्यापासून भट्टी उघडण्यापर्यंतची सगळी कारागिरी म्हणजे कुंडीच्या प्रत्येक भागाला एका चालीने चालवणं.

तोकोनामे हे जपानच्या ‘सहा प्राचीन भट्ट्यां’पैकी एक. बाराव्या शतकात इथे मोठाले रांजण भाजले जात होते. मेइजी काळात कोइए होजू या उद्योगी माणसाने सांडपाण्याचे मातीचे नळ एका मापाचे काढायची पद्धत बसवली. त्यानेच १८७८ साली जिन शिहेंग या चिनी कारागिराला बोलावून चीनमधल्या यिशिंगच्या बिनझिलईच्या चहादाण्यांचं तंत्र गावात आणलं. बोन्सायच्या कुंड्यांचा पसारा खरा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, पण लोहयुक्त मातीची ओळख, मोठ्या वस्तू न फुटता भाजण्याचा सराव आणि झिलईशिवाय देखणं काम करण्याची नजर हे भांडवल आधीपासून जमलेलं होतं. आज बोन्सायवाल्यांच्या जगात तोकोनामेची कुंडी म्हणजे भरवशाचा माल. तपकिरी रंग, चार बुटके पाय, तळाला पाण्याची भोकं. दिसायला इतकी साधी, की हे आपणही करू असं कुणालाही वाटावं.

हा साधेपणा फसवा आहे. आपल्याकडचा माठ घ्या. गोल पोट, गोल तळ, कुठेही कोपरा नाही, भिंत सगळीकडे जवळपास सारखी. माठ आकसताना सगळ्या बाजूंनी सारखा आत येतो. पिढ्यान्‌पिढ्या वापरून घासला गेलेला हा आकार आहे, आणि उघड्यावरच्या शेण-लाकडाच्या आव्यातही तो निभावून जातो. बोन्सायची कुंडी याच्या बरोबर उलट. झाडाची मुळं छाटलेली असतात, म्हणून कुंडी उथळ हवी. झाड डौलात दिसावं म्हणून लांबट आणि सपाट हवी. त्यात चार कोपरे, चार पाय, पाणी जायला मोठी भोकं, झाड तारेने बांधायला आणखी बारीक भोकं आणि तोंडाला जाड पट्टी. तडकण्यासाठी जे जे लागतं ते सगळं एकाच वस्तूत जमवायचं ठरवलं असतं, तरी याहून चांगला आकार सापडला नसता.

आता आकुंचनाचं गणित. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय बारीक, चपटे पापुद्रे. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो म्हणून ते एकमेकांवरून सरकतात आणि माती वळते. पाणी जाऊ लागलं की कण जवळ येतात. स्टोनवेअरची, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणारी, नेहमीची माती वाळताना पाच ते आठ टक्के आणि पुढे उच्च तापमानाला भाजताना जवळपास तेवढीच आकसते. एकूण १२ टक्के धरू. ४० सेंटिमीटर लांबीची ओली कुंडी शेवटी ३५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. भाजण्यातलं आकुंचन निम्मं मानलं, तर भट्टीत असताना तिचं प्रत्येक टोक मध्याच्या दिशेने सुमारे सव्वा सेंटिमीटर सरकतं. म्हणजे कुंडी भट्टीच्या फळीवरून घसरत असते, पायांवर, स्वतःच्या वजनासकट. एखादा पाय फळीला चिकटला किंवा खडबडीत जागी अडला, तर उरलेली कुंडी थांबत नाही. ती सरकते आणि पाय जिथे जोडला तिथून फाटते.

यावर जुना आणि पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा उपाय म्हणजे कुंडीखाली त्याच मातीची पातळ, कच्ची पट्टी ठेवणं. ती कुंडीबरोबरच आकसते, त्यामुळे पाय आणि त्याखालचा आधार एका वेगाने सरकतात. फळीशी होणारं सगळं घर्षण पट्टी सोसते आणि नंतर टाकून दिली जाते. छोट्या कुंडीला फळीवर भुरभुरलेली बारीक वाळू किंवा ॲल्युमिनाची पूड पुरते. अनेक झाडं एकत्र लावायच्या मोठ्या, जंगलरचनेच्या ट्रेला पट्टी हवीच, आणि तळाच्या मध्यभागीही त्याच मातीचे छोटे आधार हवेत. नाहीतर बाराशे अंशांना माती मऊ होते, तळ दोन पायांच्या मध्ये झोळ खातो आणि त्या खोलगट जागी पुढे कायम पाणी साचतं.

पण भट्टी पुढची गोष्ट. भाजल्यावर दिसणाऱ्या तड्यांपैकी पुष्कळ तडे भट्टीत जाण्याआधीच पडलेले असतात. केसाएवढी भेग वाळलेल्या मातीत दिसत नाही. आच लागल्यावर ती उघडते आणि दोष भट्टीला लागतो.

वाळताना काय होतं ते उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ पाहिला की कळतं. वरचा थर आधी वाळून आकसतो, खालचा ओला थर त्याला हलू देत नाही, म्हणून वरचा फाटतो. कुंडीत वरचा थर म्हणजे कड. कडेला दोन्ही बाजूंनी हवा लागते, कोपऱ्याला तर तीन. तळ मात्र फळीला टेकलेला, त्याला वरूनच काय ती हवा. कड आकसायला लागते तेव्हा तळ अजून ओला आणि रुंद असतो. मग कडेपासून खाली जाणारी, वर रुंद आणि खाली निमुळती भेग पडते. किंवा उलट होतं: कड वाळून घट्ट होते, तिने कुंडीचं माप पक्कं केलेलं असतं आणि मागून वाळणाऱ्या तळाला आकसायला जागा उरत नाही. तळ मधोमध उलतो.

म्हणून कड झाकायची आणि तळाला हवा द्यायची. कडेभोवती पातळ प्लास्टिकची पट्टी, कोपऱ्यांवर थोडी जास्त. कुंडी जाळीवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवायची, खाली वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे ती आकसताना कागदासकट सरकते. चामड्यासारखी घट्ट झाली की उलटी करून तोंडावर ठेवायची. कड झाकली जाते आणि तळ मोकळा होतो. पंखा, ऊन, गच्ची यातलं काहीही नको.

इथे बहुतेक हौशी मंडळींचा क्रम उलटा असतो. सुरुवातीला उत्साहात कुंडी उघडी ठेवतात, आणि ती पांढुरकी दिसायला लागल्यावर भीतीने प्लास्टिकखाली ठेवतात. आकुंचन होतं ते पहिल्या टप्प्यात, कण एकमेकांना टेकेपर्यंत. ते टेकले की माती फिकट होते, तिचं आकसणं जवळजवळ थांबतं आणि उरलेलं पाणी कणांमधल्या पोकळ्यांतून निघून जातं. तेव्हा सगळा संयम आधी खर्च करावा. कुंडी सगळीकडे एकसारखी फिकट झाली की तिला मोकळं वाळू द्यायला हरकत नाही.

हवामानाचा हिशेब ज्याचा त्याने करायचा. मे महिन्यातल्या नागपूरच्या झळांत कोपरे डोळ्यांदेखत वाळतात, तिथे प्लास्टिकचे दोन थर लागतील. कोकणात जुलैमध्ये प्रश्न उलटा: कुंडी बाहेरून सुकलेली दिसते, हाताला कोरडी लागते आणि आतून ओली असते. अशा वेळी ती गालाला लावून पाहावी. गार लागली तर पाणी अजून उडून जातंय, भट्टी लांब आहे.

घडवण्यातली काही पथ्यंही तड्याच्याच हिशेबात येतात. भिंत, तळ आणि कड यांची जाडी शक्य तितकी सारखी ठेवायची. मध्यम कुंडीला आठ ते दहा मिलिमीटर पुरेत. पाय भरीव ठेवले तर ते भिंतीच्या दुप्पट-तिप्पट जाड होतात आणि सगळ्यांच्या मागून वाळतात, म्हणून ते आतून पोखरायचे. ताव लाटून जोडलेल्या कुंडीत कोपऱ्याच्या सांध्याला दोन्ही भागांची ओल एकसारखी हवी. दोन्हींवर आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्याच मातीचा दाट घोळ लावायचा, घट्ट दाबायचं आणि आतून मातीची बारीक वळी भरून कोपरा गोलसर करायचा. घोळ कमी लावावा. सांधा पक्का व्हावा म्हणून तो सढळ हाताने चोपडण्याची सवय असते, पण घोळात मातीपेक्षा पाणी जास्त, म्हणजे तो बाजूच्या भिंतींपेक्षा जास्त आकसणार. ज्याने जोडायचं तोच फाडतो. चाकावर काढलेल्या गोल कुंडीत तळ नीट दाबला नाही तर तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी भेग उमटते. भिंती वर ओढताना कण दाबून बसतात, तळाची माती तशीच सैल राहते.

तोकोनामेत मोठ्या आयताकृती कुंड्या बऱ्याचदा प्लास्टरच्या साच्यात माती दाबून काढतात. साचा बाजूंनी सारखं पाणी शोषतो आणि भिंतीची जाडी एकसारखी ठेवणं सोपं जातं. साचा वापरला म्हणून हातकाम कमी ठरतं, असं मानणारे भेटतात. मला ते मत पटत नाही. कोपरा, पाय, भोकं आणि वाळवणं सगळं हातानेच सांभाळायचं असतं.

भोकांवर थोडं थांबू. चार्ल्स इंग्लिस या केंब्रिजच्या अभियंत्याने १९१३ साली एक गणित मांडलं. धातूच्या पत्र्याला भोक असेल आणि पत्रा ओढला जात असेल, तर भोकाच्या काठावरचा ताण उरलेल्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. गोल भोकाच्या काठावर तो तिपटीपर्यंत जातो. भोक लांबट, टोकदार किंवा कोपऱ्याचं असेल तर त्याहूनही पुष्कळ वर. पुढे ए. ए. ग्रिफिथ यांनी याच धाग्यावरून दाखवलं, की काच तिच्या बळाच्या मानाने इतकी सहज फुटते याला तिच्यावरच्या बारीक चिरा कारणीभूत असतात. इंग्लिस यांना चिंता होती ती बोटींच्या पत्र्यांची, पण हे गणित मातीच्या तळाला तंतोतंत लागू पडतं. वाळताना आणि भाजताना तळ सगळ्या बाजूंनी ताणला जातो आणि सगळा ताण भोकाच्या काठावर येऊन थांबतो. चौकोनी भोक कापलं तर चारी कोपऱ्यांतून तडे निघतात. गोल कापलं, पण कापताना सुरीचा खाचा राहिला, तर त्या खाच्यातून निघतो. म्हणून भोक गोल, माती घट्ट झाल्यावर नळीने काढलेलं, आणि काठ ओल्या बोटाने दाबून गुळगुळीत केलेला. तारेची भोकंही कडेला किंवा कोपऱ्याला चिकटून नकोत.

मातीची निवड हाही समतोलाचाच भाग आहे. शुद्ध, अतिचिकट माती हाताला छान लागते आणि सर्वांत जास्त आकसते. मोठ्या कुंडीसाठी तीत ग्रॉग मिसळतात, म्हणजे आधीच भाजून दळलेली माती. तिचं जे आकसायचं ते होऊन गेलेलं असतं, त्यामुळे एकूण आकुंचन कमी होतं आणि खरबरीत दाण्यांच्या आधाराने पाण्याला बाहेर पडायला वाटा मिळतात. साधारण एक पंचमांश ग्रॉगने फरक जाणवतो. आपले कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख घालतात ती याच कामाला. लीद जळून गेल्यावर पोकळ्या राहतात आणि वाफेला रस्ता मिळतो. माठात त्याच पोकळ्यांतून पाणी झिरपून थंड होतं, तो फायदा वेगळा.

आता भट्टी. पहिला टप्पा, कच्ची भाजणी, साधारण १००० अंश सेल्सिअसपर्यंत. इथे सर्वांत मोठा धोका शंभर अंशांच्या अलीकडे-पलीकडेच असतो. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. जाड पायाच्या पोटात थोडं जरी पाणी अडकलं असेल, तर पाय उडतो आणि शेजारच्या कुंड्यांनाही जखमी करतो. याला तडकणं म्हणत नाहीत, हा स्फोट आहे. उपाय एकच, ८० ते ९० अंशांवर भट्टीचं झाकण किंवा छिद्र उघडं ठेवून रात्रभर थांबणं. पुढे दोनशेपर्यंत तासाला पन्नास-साठ अंश, मग शंभराच्या गतीने. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं. केओलिन या शुद्ध चिनी मातीत ते वजनाच्या सुमारे १४ टक्के असतं, म्हणजे वाळलेली वाटणारी माती प्रत्यक्षात पुष्कळ पाणी बाळगून असते. तेही सावकाश जाऊ द्यावं. सहाशेनंतर मातीतला सेंद्रिय भाग जळत असतो. इथे हवा कमी पडली तर पोटात काळा गाभा राहतो आणि वरच्या भाजणीत कुंडीला फोड येतात.

५७३ हा आकडा कुंभारकामाच्या प्रत्येक पुस्तकात भेटतो. मातीत क्वार्ट्‌झचे, म्हणजे वाळूचे कण असतात. ५७३ अंशांना त्यांची स्फटिकरचना बदलते आणि ते एकदम टक्काभराने फुगतात. थंड होताना त्याच अंशाला एकदम आकसतात. तापताना इथे हळू जा असा सल्ला सगळे देतात, आणि तो चुकीचा नाही. पण तापताना माती अजून सच्छिद्र, सैल असते, कण फुगायला जागा असते. खरी भीती परतीच्या वाटेवर. तोवर कुंडी एकसंध, काचेसारखी घट्ट झालेली असते. तिच्या एका टोकाचं क्वार्ट्‌झ आकसून झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं असलं, तर ती लवत नाही, फुटते.

सपाट कुंडीची अडचण इथे सर्वांत ठळक होते. भट्टीची फळी जाड आणि जड. तापताना ती हवेच्या मागे राहते, थंड होताना उष्णता धरून ठेवते. तिच्यावरच्या कुंडीचा तळ त्यामुळे कायम कडेच्या मागे चालतो: चढताना कड गरम आणि तळ गार, उतरताना कड गार आणि तळ गरम. चारी बाजूंनी हवा लागणाऱ्या उंच फुलदाणीला हा त्रास जवळजवळ नसतो. म्हणून कुंडी फळीला घट्ट टेकवू नये. पाय असतात ते इथे उपकार करतात. पाय बुटके असतील तर खालची कच्ची पट्टी तुकड्यांत ठेवून मधून हवा खेळती ठेवावी. विजेच्या भट्टीत लांब कुंडीची एक बाजू तारांना चिकटून आणि दुसरी मध्याकडे अशी ठेवू नये. गॅसच्या भट्टीत ज्योतीचा मारा थेट एका कोपऱ्यावर येत असेल तर मध्ये विटेचा आडोसा करावा. ट्रे दोन फळ्यांच्या सांध्यावर आडवा कधीच नको. दोन्ही फळ्या स्वतंत्र हलतात. आणि भट्टी भरून भाजावी. मोकळ्या भट्टीत हवा झपाट्याने तापते आणि झपाट्यानेच निवते, भरलेल्या भट्टीत बाकीचा माल उष्णता धरून चाल संथ ठेवतो.

पक्क्या भाजणीचं वरचं टोक मातीवर अवलंबून. तोकोनामेची लोहयुक्त माती ११०० ते १२०० अंशांच्या आसपास घट्ट होते, फिकट स्टोनवेअर १२२० ते १२८०. भट्टीचा काटा हवेचं तापमान दाखवतो, मातीत काय घडलं ते दाखवत नाही. त्यासाठी कोन. बर्लिनच्या हेरमान झेगर यांनी १८८६ साली ते काढले आणि दहा वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी त्यांचं उत्पादन सुरू केलं. मातीच्याच घटकांचे हे छोटे सुळके ठरलेल्या आचेला वाकतात. सावकाश तापवलं तर थोड्या कमी तापमानाला, घाईने तापवलं तर जास्त. म्हणजे आच आणि वेळ दोन्ही त्यांच्यात मोजले जातात. मोठ्या भट्टीत वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी ठेवावेत. तिन्ही सारखे वाकले नाहीत तर भट्टीत आच कुठे मागे पडते हे कळतं, आणि पुढच्या खेपेला लांब ट्रे कुठे ठेवायचा नाही हेही.

एवढं वर जायचंच कशाला, असं विचारता येईल. हजार अंशांना थांबलं तर आकुंचन थोडं आणि तडेही थोडे. उत्तर थंडीत आहे. जपानमध्ये बोन्साय हिवाळाभर बाहेर असतात. सच्छिद्र भिंतीत शोषलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि भिंतीचे पापुद्रे सुटतात. म्हणून कुंडी अशी भाजावी लागते की तिने दोन-तीन टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहून बोन्साय करणाऱ्या मराठी माणसालाही ही अट चुकत नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पाणी गोठत नाही, तेव्हा नीट भाजलेली टेराकोटा चालते. तिची अडचण दुसरी: बोअरच्या जड पाण्यातले क्षार भिंतीतून झिरपून बाहेर पांढरे फुटतात. ते कुणाला जुनेपणाची शोभा वाटतात, कुणाला कळकट.

आच बंद केल्यावर हात आवरावे लागतात, आणि हाच भाग सर्वांत कठीण. रात्री भट्टी बंद झाली, सकाळी काटा अडीचशे दाखवतोय, फटीतून डोकावून तर बघू, हा मोह. जास्त सिलिका असलेल्या मातीत दीर्घकाळ उच्च आचेला क्रिस्टोबलाइट नावाचं, क्वार्ट्‌झसारखंच सिलिकाचं दुसरं रूप तयार होतं. त्याची उडी ५७३ला नसते, सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते, आणि ती क्वार्ट्‌झच्या उडीपेक्षा मोठी असते. नेमक्या त्याच वेळी थंड हवेची झुळूक कडेवर आली तर कुंडी टणकन वाजते. शंभराच्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नये.

तडा गेलाच तर कुंडी फेकण्याआधी तो वाचावा. काठ बोथट, तोंड उघडं आणि झिलई आत ओघळलेली असेल, तर तो वाळताना किंवा तापताना पडला. झिलई वितळली तेव्हा तो तिथे होता. काठ धारदार, झिलई मधून कापल्यासारखी आणि रेघ लांब असेल, तर तो निवताना पडला. पहिल्याची दुरुस्ती वाळवण्यात आणि सांध्यात शोधावी, दुसऱ्याची भट्टी उघडण्याच्या वेळेत. झिलईदार कुंडीत आणखी एक शक्यता असते. बोन्सायच्या कुंडीला आतून झिलई देत नाहीत, म्हणजे भिंतीच्या एकाच अंगाला काचेचा थर असतो. तो थर निवताना मातीपेक्षा फार कमी आकसत असेल आणि जाड बसला असेल, तर काहीही चूक नसताना कुंडी चिरते, कधी भट्टीबाहेर आल्यावर काही दिवसांनी. झिलई पातळ द्यावी आणि त्याच मातीवर आधी तपासावी.

काही तडे डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यासाठी कान. धाराशिवजवळच्या तेर गावच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना माहीत आहे: मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. कथेतला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला तरी त्यामागे कुंभाराचं रोजचं काम आहे. कुंडी रिकामी, तीन बोटांवर तोलून धरावी आणि लाकडी दांडीने कडेवर हलकेच टिचकी मारावी. पक्की, सलग कुंडी खणखणीत वाजते आणि नाद रेंगाळतो. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो, कारण चिरेचे दोन काठ एकमेकांवर घासून कंप मारून टाकतात. बद्द वाजलेली कुंडी झाडाला देऊ नये. मुळं आणि ओल दोघं मिळून ती चीर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उघडतात.

कच्च्या भाजणीनंतर दिसलेली भेग घोळाने भरायचा मोह होतो, पण घोळ ओला आहे, आकसणार, आणि भाजलेली भिंत आता पाण्यासोबत आकसत नाही. भरलेली भेग पुढच्या भाजणीत पुन्हा उघडते, आधीपेक्षा रुंद. न भाजलेली कुंडी तडकली तर ती पाण्यात विरघळून पुन्हा माती होते, त्यात नुकसान वेळेचं तेवढं. कच्ची भाजलेली तडकली तर पोत्यात घालून हातोड्याने फोडावी, चाळावी, पिठासारखी धूळ टाकून द्यावी आणि राहिलेले दाणे पुढच्या मोठ्या ट्रेच्या मातीत ग्रॉग म्हणून मिसळावेत. हे काम उघड्यावर, ओलं करून आणि तोंडाला चांगला मास्क लावूनच करावं. भाजलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही; जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.